दुरुस्त केलेले खराब सेक्टर पुन्हा का दिसतात? कमांड लाइनवरून डिस्क तपासण्याची रीत

डिस्कवरचे खराब सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे) तपासून झाले, फाइल सिस्टीम (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी) दुरुस्त झाली, संगणक पूर्ववत चालू लागला आणि दोन-तीन आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा दारात येऊन उभी राहिली, हा अनुभव पुष्कळांना येतो. बॅकअप एका ठरावीक फाइलपाशी अडकतो, एखादा फोल्डर उघडताना सगळा संगणक अर्धा-एक मिनिट गोठतो, सुरू होताना फाइल सिस्टीमची तपासणी आपोआप चालू होते. ती पुरी होते, काही दिवस निर्वेध जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या लेखाचा रोख त्या पुनरावृत्तीवर आहे. एकाच लक्षणामागे निदान चार वेगवेगळी कारणे असू शकतात, प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, आणि कारण न ठरवता चालवलेली दुरुस्तीची कमांड काही वेळा उरलासुरला डेटाही घालवते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका संगणकाचा रात्रीचा बॅकअप मध्येच थांबू लागला तेव्हा मी तीन वेळा फाइल सिस्टीमची तपासणी चालवली, तिन्ही वेळा दुरुस्ती झाल्याचे वाचून समाधान मानले आणि डिस्क स्वतःविषयी काय सांगते आहे हे एकदाही पाहिले नाही. चौथ्या वेळी ती डिस्क सुरूच झाली नाही, आणि शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे सहा आठवड्यांचे काम गेले. त्या तीन तपासण्यांना मिळून जेवढा वेळ लागला तेवढ्यात सगळा डेटा दोनदा उतरवून घेता आला असता.

पुढील विवेचन मुख्यतः लिनक्सला धरून आहे. विंडोजविषयी शेवटाकडे लिहिले आहे. कमांडची नावे आणि पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावेत, आणि जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसा उल्लेख केला आहे. बहुतेक सर्व कमांड रूटच्या अधिकाराने, म्हणजे आधी ‘सुडो’ लावून चालवाव्या लागतात.

डिस्कच्या आत काय घडते

चकतीवर फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये प्रत्येक सेक्टरच्या डेटासोबत चूक ओळखण्यासाठी आणि सुधारण्यासाठी जादा माहिती साठवलेली असते. वाचन कमजोर आले तर डिस्क त्या माहितीच्या आधारे डेटा सावरते, न जमल्यास पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि सगळे प्रयत्न फसल्यावरच वाचता येत नसल्याचे संगणकाला कळवते. फोल्डर उघडताना जो खोळंबा होतो तो या प्रयत्नांचा असतो. लिनक्स एका कमांडच्या उत्तरासाठी मूळ मांडणीप्रमाणे ३० सेकंद थांबते, आणि घरगुती वापराच्या काही डिस्क त्याहूनही अधिक काळ झगडत राहतात. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जोडणीच पुन्हा सुरू करतो आणि नोंदवहीत भीतीदायक ओळींची रांग लागते.

वाचता न आलेला सेक्टर डिस्क लगेच बदलत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. राखीव जागेतला नवा सेक्टर तिच्यापाशी असतो, पण त्यात भरायचा जुना डेटा हाती नसतो. म्हणून ती त्या सेक्टरला प्रलंबित यादीत टाकते आणि त्यावर कोणी नवे काही लिहीपर्यंत वाट पाहते. लेखनाची वेळ आली की ती त्याच जागी लिहून परत वाचून पाहते. ते जमले तर सेक्टर यादीतून मोकळा होतो. न जमल्यास त्याचा क्रमांक राखीव सेक्टरला दिला जातो. दुरुस्ती वाचनाने होत नाही, लेखनाने होते. डिस्क पूर्ण फॉरमॅट केल्यावर ‘बरी’ झालेली दिसते ती यामुळेच, आणि नुसती वाचून तपासणारी कमांड कितीही वेळा चालवली तरी तोच सेक्टर तेथेच सापडतो तोही यामुळेच.

सुरुवात: डिस्क ओळखणे आणि डेटा बाहेर काढणे

‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे डिस्कला कायमची चिकटलेली नसतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर किंवा नवी डिस्क जोडल्यावर ती बदलू शकतात. काल ‘एसडीबी’ होती ती आज ‘एसडीसी’ असू शकते, आणि लेखन करणारी चाचणी भलत्याच डिस्कवर चालली तर तिचे परिणाम मागे घेता येत नाहीत. म्हणून ‘एलएसबीएलके’ या कमांडला ‘-ओ’ हा पर्याय देऊन नाव, आकार, मॉडेल आणि सिरियल क्रमांक हे रकाने मागवावेत, डिस्कच्या कागदी पट्टीवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा, आणि पुढच्या सर्व कमांडमध्ये ‘डेव्ह’ फोल्डरातील ‘डिस्क’ आणि त्यातील ‘बाय-आयडी’ येथील लांबलचक नाव वापरावे. त्या नावात सिरियल क्रमांक गुंफलेला असतो, त्यामुळे गफलतीला जागा राहत नाही.

डेटाची दुसरी प्रत नसेल तर कोणतीही लांबणारी चाचणी करण्यापूर्वी प्रत घ्यावी. डिस्क अजून बऱ्यापैकी वाचली जात असेल तर नेहमीच्या रीतीने महत्त्वाच्या फाइल आधी उतरवाव्यात. वाचन वारंवार अडत असेल तर ग्नूचे ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन योग्य आहे. त्याला आधी मूळ डिस्क, मग ज्या फाइलमध्ये किंवा डिस्कवर प्रत घ्यायची ती, आणि शेवटी नकाशा-फाइलचे नाव द्यायचे असते. पहिल्या फेरीत ‘-डी’ आणि ‘-एन’ हे पर्याय द्यावेत, म्हणजे सहज वाचता येणारा भाग आधी निघून येतो आणि अवघड जागांवर साधन रेंगाळत नाही. दुसऱ्या फेरीत ‘-एन’ काढून ‘-आर३’ दिले की उरलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न होतो. कोणता भाग निघाला आणि कोणता राहिला याची नोंद नकाशा-फाइलमध्ये होत असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथून पुढे चालू करता येते. ही नकाशा-फाइल मूळ डिस्कवर ठेवू नये, एवढे मात्र पाळावे.

काही जण आधी चाचणी करून मगच प्रत घेण्याचे ठरवतात. थकलेल्या डिस्कवर सगळ्या सेक्टरांचे वाचन करायचेच असेल तर त्या वाचनातून प्रत हाती यावी. नुसता अहवाल मिळवण्यासाठी तो ताण देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

डिस्कचा स्वतःचा अहवाल

‘स्मार्टमॉनटूल्स’ या संचातील ‘स्मार्टसीटीएल’ ही कमांड डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी दाखवते. मोठ्या लिपीतील ‘-एच’ हा पर्याय दिल्यास ‘पास्ड’ असे एका शब्दात उत्तर येते आणि पुष्कळ जण तेथेच थांबतात. हे उत्तर विश्वासार्ह मानू नये. उत्पादकाने ठरवलेला उंबरठा ओलांडल्याशिवाय ते बदलत नाही, आणि तो उंबरठा इतका सैल असतो की शेकडो सेक्टर बदलले गेलेली डिस्कही उत्तीर्ण होऊ शकते. त्याऐवजी ‘-एक्स’ हा पर्याय देऊन पूर्ण अहवाल घ्यावा. यूएसबी खोक्यातील डिस्क उत्तर देत नसेल तर ‘-डी सॅट’ जोडून पाहावे.

अहवालातील क्रमांकित ओळींपैकी चार आपल्या कामाच्या आहेत, आणि प्रत्येक ओळीत शेवटच्या, म्हणजे ‘रॉ व्हॅल्यू’च्या स्तंभातील आकडा पाहायचा असतो. क्रमांक ५ मध्ये आजवर राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या असते. क्रमांक १९७ हा प्रलंबित सेक्टरांचा. क्रमांक १९८ मध्ये डिस्कने स्वतःहून केलेल्या तपासणीत न वाचता आलेले सेक्टर मोजले जातात. क्रमांक १९९ हा डिस्क आणि संगणक यांच्यामधील वाहतुकीत झालेल्या चुकांचा असून त्याचा चकतीशी काहीही संबंध नसतो. क्रमांक १ चा आकडा काही उत्पादकांच्या डिस्कवर अब्जांच्या घरात दिसतो आणि त्याने पाहणाऱ्याची झोप उडते. त्या उत्पादकांच्या रीतीत तो एकाहून अधिक संख्या एकत्र बांधून लिहिलेला असतो, म्हणून त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये.

अहवाल तारखेच्या नावाने फाइलमध्ये साठवावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण वारंवार उद्भवणाऱ्या बिघाडात तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही, कारण एका दिवसाचा आकडा फार थोडे सांगतो आणि दोन आकड्यांमधला फरक जवळजवळ सगळे सांगतो. क्रमांक ५ मध्ये १६ असा आकडा दोन वर्षे स्थिर असलेली डिस्क मी निर्धास्तपणे दुय्यम कामाला वापरेन. आठवड्यात ० वरून १६ वर गेलेली डिस्क वापरणार नाही.

यानंतर डिस्कची आत्मपरीक्षा घ्यावी. ‘-टी शॉर्ट’ दिल्यास साधारण दोन मिनिटांची छोटी परीक्षा होते. ती केवळ चाळणी म्हणून ठीक आहे. ‘-टी लाँग’ ही परीक्षा संपूर्ण पृष्ठभाग वाचते आणि मोठ्या डिस्कवर अनेक तास घेते. ती डिस्कच्या आतच चालते, त्यामुळे केबलचा दोष तिच्या निकालात मिसळत नाही, आणि हाच तिचा मोठा फायदा आहे. निकाल ‘-एल सेल्फटेस्ट’ देऊन पाहावा. वाचन फसले असेल तर पहिल्या फसलेल्या सेक्टरचा क्रमांक त्यात मिळतो. मात्र परीक्षा साधारणपणे तेथेच थांबते, म्हणून खराब सेक्टर एकच आहे असे त्यावरून समजू नये. ‘-टी सिलेक्ट’ पर्यायात स्वल्पविरामानंतर सुरुवातीचा आणि शेवटचा क्रमांक दिला की फक्त तेवढा पट्टा तपासता येतो. फसलेल्या सेक्टरच्या पुढचा भाग पाहण्यासाठी तो हाताशी असावा.

एकाच जागेचे चार क्रमांक

मदत मागणाऱ्यांच्या वर्णनात सर्वांत अधिक गोंधळ मला क्रमांकांचा दिसतो. कर्नलच्या नोंदवहीत, म्हणजे ‘डीमेसेज’च्या निकालात, सेक्टरचा एक क्रमांक असतो; ‘बॅडब्लॉक्स’ दुसराच दाखवते; फाइल सिस्टीमची साधने तिसरा मागतात. हे तीन वेगळे बिघाड आहेत असे वाटून माणूस घाबरतो, किंवा एका मोजपट्टीचा क्रमांक दुसऱ्या साधनाला देऊन चांगल्या जागेवर शून्ये लिहून बसतो.

कर्नल नेहमी ५१२ बाइटांच्या मापाने संपूर्ण डिस्कच्या आरंभापासून मोजतो. समजा त्याने ५२४२८८४८ हा सेक्टर सांगितला. ‘बॅडब्लॉक्स’चे मूळ माप १,०२४ बाइटांचे आहे, म्हणून संपूर्ण डिस्कवर चालवल्यास ती तीच जागा निम्म्या क्रमांकाने, म्हणजे २६२१४४२४ अशी दाखवेल. तिला ‘-बी ४०९६’ दिले तर आठने भागून ६५५३६०६ मिळेल. आणि लिनक्सच्या ‘एक्स्ट४’ फाइल सिस्टीमचा ब्लॉक ४,०९६ बाइटांचा असून तिचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवर तिच्यासाठी आखलेला भाग, २०४८ या सेक्टरपासून सुरू होत असेल, तर आधी २०४८ वजा करून मग आठने भागावे लागते, म्हणजे ब्लॉक ६५५३३५० येतो. चारही क्रमांक एकाच जागेचे आहेत. पार्टिशनचा आरंभ ‘एफडिस्क -एल’ दाखवते; यातील ‘एल’ लहान लिपीतील आहे.

त्या ब्लॉकवर कोणती फाइल आहे हेही कळू शकते. ‘डीबगएफएस’ हे साधन पार्टिशनवर उघडावे. मूळ मांडणीत ते केवळ वाचण्यासाठी उघडते, त्यामुळे धोका नाही. त्यात ‘आयचेक ६५५३३५०’ दिल्यावर आयनोडचा, म्हणजे फाइल सिस्टीममधील त्या फाइलच्या नोंदीचा, क्रमांक मिळतो आणि तो ‘एनचेक’ला दिल्यावर फाइलचा पूर्ण मार्ग दिसतो. फाइल सहज पुन्हा मिळण्यासारखी असेल तर पुढचे निर्णय पुष्कळ सोपे होतात. ब्लॉक कोणत्याच फाइलचा नसेल तर अधिकच चांगले.

आणखी एक खूण येथेच सांगतो. सध्याच्या बहुतेक डिस्कमध्ये चकतीवरचा प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटांचा असतो, पण बाहेर ती ५१२ बाइटांचे आठ सेक्टर म्हणून दाखवते. त्यामुळे एक जागा बिघडली तरी नोंदवहीत ओळीने आठ क्रमांक येतात, आणि काही डिस्कच्या क्रमांक १९७ मध्येही ८, १६, २४ असे आठाच्या पटीतले आकडे दिसतात. आठ प्रलंबित सेक्टर म्हणजे आठ जखमा नव्हेत. बहुधा ती एकच असते.

बॅडब्लॉक्स: तीन प्रकार, तीन परिणाम

‘बॅडब्लॉक्स’ ही कमांड ‘ई२एफएसप्रॉग्ज’ या संचात येते आणि लिनक्सवर ती जवळपास सर्वत्र असते. कोणताही प्रकार न सांगता चालवली तर ती केवळ वाचते. ‘-एसव्ही’ जोडल्यास प्रगती आणि तपशील दिसतो, आणि ‘-ओ’ने यादी फाइलमध्ये जाते. डेटा असलेल्या डिस्कवर मी हा एवढाच प्रकार वापरतो.

‘-एन’ हा प्रकार प्रत्येक भाग वाचून स्मृतीत धरतो, त्यावर नमुना लिहून तपासतो आणि मूळ डेटा परत लिहितो. याला डेटा न गमावणारा प्रकार म्हणतात, परंतु नमुना लिहिल्यानंतर आणि मूळ डेटा परतण्याआधी वीज गेली तर तेवढा डेटा जातोच. शिवाय जो ब्लॉक वाचताच येत नाही तो खराब म्हणून नोंदवून ही चाचणी पुढे जाते, म्हणजे ज्या प्रलंबित सेक्टरांसाठी ती चालवावी त्यांनाच ती हात लावत नाही. म्हणून नेहमीच्या निवारणात तिचे स्थान मला फारसे दिसत नाही.

‘-डब्ल्यू’ सगळा डेटा पुसते. षोडशमान पद्धतीतील एए, ५५, एफएफ आणि ०० हे चार नमुने एकामागून एक संपूर्ण डिस्कवर लिहिले आणि परत वाचले जातात, म्हणजे डिस्कवरून एकूण आठ फेऱ्या होतात. ४ टेराबाइटची डिस्क सरासरी १५० मेगाबाइट प्रति सेकंद या वेगाने चालली तर एका फेरीला सुमारे साडेसात तास आणि आठ फेऱ्यांना अडीच दिवसांच्या आसपास वेळ लागतो. नव्या डिस्कला कामावर घेण्यापूर्वी, किंवा डेटा दुसरीकडे हलवल्यानंतर जुन्या डिस्कचा अखेरचा निर्णय करण्यासाठी, ही चाचणी उत्तम आहे. या साधनात ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत मावावा लागतो, त्यामुळे ४ टेराबाइटच्या वरच्या डिस्कवर ते तक्रार करून थांबण्याचा संभव असतो. ‘-बी ४०९६’ दिल्यावर ती मर्यादा चौपट पुढे जाते.

चाचणी चालू असताना कंसात तिरप्या रेघांनी विभागलेले तीन आकडे दिसतात: वाचनातील चुका, लेखनातील चुका आणि तुलनेतील चुका. तिसरा आकडा वाढत असेल आणि पहिले दोन शून्यावर असतील, तर डिस्कने कोणतीही तक्रार न करता लिहिले त्यापेक्षा वेगळेच परत दिले असा अर्थ होतो. अशा वेळी खोटी क्षमता लिहिलेला पेनड्राइव्ह किंवा संगणकाची सदोष रॅम, या दोन शक्यता आधी तपासाव्यात.

मिळालेली यादी हाताने फाइल सिस्टीमला देऊ नये. ब्लॉकचे माप जुळले नाही तर चांगले ब्लॉक खराब म्हणून नोंदले जातात आणि खराब तसेच राहतात. ‘ई२एफएससीके -सी’ ही कमांड योग्य मापाने ‘बॅडब्लॉक्स’ स्वतः चालवते, आणि त्या साधनाच्या माहितीपत्रकातही हाच मार्ग सुचवलेला आहे. पार्टिशन त्या वेळी जोडलेले नसावे.

तक्रार परत का येते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नोंदी हाती असल्या की कारण बहुधा स्वतःहून पुढे येते.

क्रमांक १९९ वाढतो आहे, पण ५ आणि १९७ शून्यावर आहेत, लाँग परीक्षा निर्दोष पार पडते, आणि कर्नलच्या चुका मात्र दर वेळी नव्या, विखुरलेल्या क्रमांकांवर येतात, असे असेल तर डिस्कला दोष देऊ नये. केबल बदलावी, डिस्क दुसऱ्या पोर्टला लावावी, यूएसबी खोके असेल तर डिस्क बाहेर काढून थेट जोडावी, विजेची जोडणी घट्ट आहे का ते पाहावे. १९९ चा आकडा कधीच कमी होत नाही; तो वाढायचा थांबला की दुरुस्ती झाली असे समजावे. एका ओळखीच्या व्यक्तीने अशा तक्रारीपायी लागोपाठ दोन डिस्क बदलल्या होत्या आणि दोन्ही वेळा जुनीच केबल नव्या डिस्कला लावली होती.

लेखन चालू असताना वीज गेल्यास एखादा सेक्टर अर्धवट लिहिला जातो. तो वाचता येत नाही, पण त्याखालची चकती धडधाकट असते. अशा वेळी १९७ मध्ये थोडे सेक्टर दिसतात, त्यावर लिहिल्यानंतर आकडा शून्य होतो आणि क्रमांक ५ जागचा हलत नाही. तक्रार परत येत असेल तर वीजपुरवठ्याकडे पाहावे.

तिसरे कारण सहजासहजी लक्षात येत नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवली की फाइल सिस्टीमसोबत तिच्यातील खराब ब्लॉकची यादीही जशीच्या तशी येते. नव्या डिस्कवर त्या क्रमांकांना काहीही झालेले नसते, तरी साधने ते खराब म्हणूनच दाखवत राहतात. ‘डम्पई२एफएस -बी’ ही यादी दाखवते. ‘ई२एफएससीके -सी’ चालवताना ‘-के’ हा पर्याय न दिल्यास यादी नव्याने तयार होते, आणि ‘-के’ दिल्यास जुन्या नोंदी जपल्या जातात. डिस्क बदलल्यानंतर ‘-के’ देऊ नये. विंडोजवर हेच काम ‘सीएचकेडीएसके’ला ‘/बी’ देऊन होते.

आणि चौथे कारण सगळ्यांना माहीत असलेले, पण मान्य करायला जड जाणारे: पृष्ठभाग खरोखर झिजतो आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर क्रमांक ५ थोडा वाढतो, नवे प्रलंबित सेक्टर जुन्यांच्या आसपास उगवतात, लाँग परीक्षा दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबते. २००७ साली गूगलने एक लाखाहून अधिक डिस्कवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होता, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली: बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या या प्रमुख नोंदींमध्ये आधी काहीच दिसले नव्हते. म्हणून वाढता आकडा गांभीर्याने घ्यावा, आणि शून्य आकड्यावर विसंबून बॅकअप टाळू नये.

फाइल सिस्टीममध्ये खराब ब्लॉक नोंदवून ठेवण्याची सोय ही डिस्क स्वतः सेक्टर बदलू शकत नसत त्या काळातली आहे. आजच्या डिस्कवर अशी यादी वाढत जाणे याचा अर्थ राखीव जागा संपत आली आहे किंवा प्रलंबित सेक्टरांवर कोणी लिहितच नाही, असा होतो. झिजत्या डिस्कवर ही यादी लांबवत बसणे मला पटत नाही.

एखाददुसरा सेक्टर पुन्हा लिहिणे

डेटाची प्रत हाती आहे, केबल निर्दोष आहे आणि प्रलंबित सेक्टर एक-दोनच आहेत, अशा वेळी त्यांच्यावर लेखन करून पाहणे रास्त आहे. पार्टिशन आधी सिस्टीमपासून विलग (अनमाउंट) करावे. मग ‘एचडीपार्म’ला दोन डॅशसह ‘रीड-सेक्टर’ आणि क्रमांक देऊन वाचनात खरोखर चूक येते का ते पाहावे. चूक न येता डेटा छापला गेला तर क्रमांक चुकला आहे किंवा सेक्टर सावरला आहे, आणि दोन्ही परिस्थितींत लिहू नये.

‘एचडीपार्म’ लेखनही करते, पण एका वेळी ५१२ बाइटांचेच. प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटांचा असेल तर डिस्कला उरलेले सात भाग आधी वाचावे लागतात, आणि तेच वाचता येत नसल्याने लेखन फसू शकते. म्हणून ‘डीडी’ वापरून पूर्ण ४,०९६ बाइट एकदम लिहावेत: ‘आयएफ’मध्ये शून्यांचे साधन ‘डेव्ह/झीरो’, ‘ओएफ’मध्ये डिस्कचे बाय-आयडी नाव, ‘बीएस’ ४०९६, ‘सीक’ला वरच्या उदाहरणातील ६५५३६०६, ‘काउंट’ १ आणि ‘ओफ्लॅग’ला ‘डायरेक्ट’. ‘काउंट’ विसरल्यास लेखन डिस्कच्या शेवटपर्यंत चालू राहते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी ही ओळ एकदा मोठ्याने वाचावी. त्या जागेवरची फाइल यानंतर खराबच समजावी आणि प्रतीवरून परत आणावी. लगेच फाइल सिस्टीमची सक्तीने तपासणी करावी, १९७ शून्य झाला का आणि ५ वाढला का ते नोंदवावे, आणि लाँग परीक्षा पुन्हा घ्यावी. आठवड्याने तीच नोंद पुन्हा घेऊन ताडावी. या आठवड्यात आकडा हलला तर डिस्क बदलायचा निर्णय झालाच, असे मी धरतो.

विंडोज आणि एसएसडी

विंडोजवर प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सीएचकेडीएसके’ला ‘/एफ’ दिल्यास फक्त फाइल सिस्टीमची रचना दुरुस्त होते. पृष्ठभाग तपासायचा असेल तर ‘/आर’ लागते आणि त्यात ‘/एफ’ अंतर्भूत असते. सिस्टीमच्या ड्राइव्हची तपासणी पुढच्या वेळी संगणक सुरू होताना होते आणि निकाल पडद्यावरून निघून जातो. तो इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन नोंदींत ‘विनइनिट’ या स्रोताखाली, १००१ या क्रमांकाने सापडतो. डिस्कचा स्वतःचा अहवाल मात्र ही कमांड दाखवत नाही. त्यासाठी ‘स्मार्टसीटीएल’ची विंडोज आवृत्ती वापरावी, तिचे पर्याय वरीलप्रमाणेच आहेत.

एसएसडीवर, म्हणजे चकतीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कवर, सेक्टरचा क्रमांक आणि प्रत्यक्ष चिपमधली जागा यांचे नाते कायम नसते; आतला नियंत्रक ते सतत बदलत असतो. त्यामुळे विशिष्ट क्रमांकावर लिहून ती जागा ‘दुरुस्त’ करण्याची कल्पना तेथे लागू पडत नाही, आणि ‘बॅडब्लॉक्स -डब्ल्यू’ केवळ तिचे आयुष्य खर्च करते. ट्रिम केलेला, म्हणजे वापरात नसल्याचे डिस्कला कळवलेला, रिकामा भाग वाचल्यास चिपला हात न लावताच उत्तर येऊ शकते, म्हणून निर्दोष वाचनालाही मर्यादितच अर्थ आहे. एनव्हीएमई या प्रकारच्या एसएसडीवर ‘स्मार्टसीटीएल’च्या अहवालातील ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’, ‘अव्हेलेबल स्पेअर’ आणि ‘क्रिटिकल वॉर्निंग’ या तीन ओळी पाहाव्यात. पहिली शून्यावरून वर गेली की मी फिरत्या डिस्कपेक्षाही अधिक घाईने प्रत घेतो, कारण एसएसडी अनेकदा हळूहळू न खालावता एकदम गप्प होते.

डिस्क बदलण्याचे ठरले की एक काम उरते. राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांच्या मूळ जागी जुना डेटा पडून असतो आणि ‘डीडी’ने किंवा ‘बॅडब्लॉक्स’ने संपूर्ण डिस्क पुसली तरी तेथपर्यंत ते लेखन पोहोचत नाही, कारण ते क्रमांक आता दुसरीकडे वळवलेले असतात. डिस्क हमीपोटी परत करायची असेल किंवा दुसऱ्याला द्यायची असेल तर ‘एचडीपार्म’मधून तिची स्वतःची वर्धित सुरक्षित-पुसणी चालवावी, जी बदललेल्या सेक्टरांनाही व्यापते, डिस्कला ती सोय आहे की नाही हे मोठ्या लिपीतील ‘-आय’ पर्यायाच्या अहवालात शेवटाकडे, सुरक्षेच्या भागात लिहिलेले असते. ती सोय नसेल आणि डेटा खाजगी असेल, तर डिस्क हातची जाऊ न देता तिच्या चकत्या फोडून नष्ट करणे हाच मार्ग राहतो.